कंसाबाहेरचं वजा

सर, आज पौडला दहावीचा गणिताचा पेपर दिला. ह्या वयात, बाहेरून! हसू नका. पिरंगुटच्या कंपनीत लाइनवर उभं राहून गुडघे गेलेत. साहेब सुपरवायझर करायला तयार आहेत, फक्त दहावी पास पाहिजे. बाकीचे विषय निघाले, हे मेलं गणितच आडवं येतं. ह्या खेपेला नाही निघालं तर जागा दुसऱ्या बाईला जाणार, तसं तोंडावर सांगितलंय त्यांनी.

पेपर बरा चालला होता. मग आलं ते: सात वजा दोन, पुढं कंसात एक्स वजा तीन, बरोबर पाच. मी झरझर कंस सोडला, उत्तर आलं वजा दोन. पुढचं गणित घेणार, तेवढ्यात तुम्ही आठवलात. इथल्याच, पौडच्या शाळेत माझ्या बाकाशी उभे राहून ओरडताय, "उत्तर आलं म्हून नाचू नगंस! घाल परत एक्सच्या जागी. दोनी बाजू सारख्या झाल्या तर खरं!" ताळा नसला की बरोबर उत्तरावरही काट मारायचात. लई राग यायचा तुमचा.

घातलं वजा दोन. डावीकडं सतरा, उजवीकडं पाच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "ताई, पाच मिनिटं हायेत," वर्गावरच्या बाई म्हणाल्या. तुम्ही फळ्यावर बाहेरच्या आकड्यापासून कंसातल्या प्रत्येकाकडं बाण काढायचात ना, तसे मी पेपरवरच काढले. एक एक्सकडं, एक तीनकडं. आणि दिसलं! वजा तीनला बाहेरच्या वजा दोननं गुणलं की अधिक सहा होतात, मी वजाच ठेवलेले. सगळं खोडलं. तेरा वजा दोन एक्स बरोबर पाच. एक्स चार. ताळा लिहितेय तोवर बाईंनी पेपर ओढून घेतला.

घरी पोरीला म्हटलं, सोपा होता गं. ती म्हणाली, "मग रडतीयास कशाला?"

हे पत्र टाकायचं तरी कुठं, सर? पेपर देऊन बाहेर आले आणि पाय तुमच्या घराच्या वाटेला लागले. एक्स चार आला, हे तुम्हाला सांगायचं होतं. कोपऱ्यापर्यंत गेले, तेव्हा कुठं आठवलं की तुम्ही नाही.