तेंदूटोल्याला गणपती एक दिवस आधी बसला, त्याची हकीकत

रामवाडी, पेण
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

वृंदाचा वाकून नमस्कार (कंबर अजून प्रवासातून सुटलेली नाही, तरी वाकूनच). तुमची साखर, भाऊजींचे गुडघे आणि परसातल्या केळी कशा आहेत हे विचारायला सहा वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत, म्हणजे हात दुखत असावेत असं धरून त्यांचीही चौकशी करते.

काल दुपारी तुमच्याकडून सामान पोचलं. पोच देते. माझे स्टीलचे डबे दोन (एकाचं झाकण तुमचं आहे, ते मी ठेवून घेणार नाही). पोह्याचे पापड पाच पाकिटं, न फोडलेली. गौरीसाठी दिलेला खण एक, घडी न मोडलेला. ह्यांचं तुमच्याकडे राहिलेलं उपरणं, धुऊन इस्त्री करून. देवापुढे ठेवायला दिलेले एकावन्न रुपये, पैकी वरचा रुपया पापडाच्या पाकिटाला चिकटपट्टीने चिकटवलेला. एसटी स्टँडपासून रामवाडीपर्यंत कान्हू रिक्षावाल्याने साठ रुपये घेतले. तुमचं सामान परत करण्याचं भाडं मी भरलं, ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही, फक्त माहिती म्हणून लिहिलं. सवाष्णीने गौरीला दिलेला खण परत आलेला मात्र मी सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच पाहिला.

एवढं आल्यावर तुमचा राग किती आहे हे निराळं विचारायची गरज उरली नाही. कशाबद्दल आहे तेही मला तुमच्या शेजारच्या प्रतिक्षाने सांगितलं आहे. आपल्या लोकांत भाऊभाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी गणपती मूळ घरीच बसतो. ज्याने स्वतःच्या बिऱ्हाडात दुसरा बसवला त्याने वाटणी मागितली असंच धरतात. तुमच्या शौनकने तिकडे नोकरीच्या गावी, तेंदूटोल्याला, स्वतःच्या खोलीत गणपती बसवला, रोह्याला घरी आला नाही, भाऊजींचे गुडघे वाकत नाहीत म्हणून ह्यांना पेणहून येऊन पूजेला बसावं लागलं, आणि संकल्पात ह्यांनी सवयीने आमचंच गोत्र उच्चारलं. म्हणून तुम्ही त्याला दिवाळीलाही येऊ नको म्हणालात, आणि ज्या बाईला त्याला आणायला पाठवलं होतं ती एकटी परत आली म्हणून तिचे डबे परत केलेत. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. आता पुढचं वाचा. (चष्मा लावून वाचा, मी दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.)

तुम्हाला आठवत असेल, शौनकने आमच्या पेणच्या काळुरामकडे सव्वा फुटाची शाडूची मूर्ती सांगून ठेवली होती. ती पार्सलने पाठवायची म्हणजे भाडंही आणि भीतीही. तेव्हा आपलं दोघींचं ठरलं, की मीच ती घेऊन जावं, तिथल्या मंडळाला द्यावी आणि शौनकला घेऊन त्याच दिवशी निघावं. निघताना तुम्ही त्याच्यासाठी शेतातल्या तांदळाची पिशवी दिलीत, तीही सोबत होती. काळुरामने मूर्ती तोंड फडक्याने झाकून माझ्या हातात दिली आणि बजावलं, "वयनी, मांडीवर न्या. खाली तांदूळ घालून देव एकदा ठेवला का तो बसला. मंग तो माझा नाय आनि तुमचा पन नाय. मंग हलवाचा नाय." मी त्याला म्हटलं, मला शिकवू नकोस, मी चाळीस वर्षं हरतालिका करते आहे. (हे वाक्य पुढे मला बरंच आठवलं.)

कल्याणहून गाडी. जागा माझी एक होती. बसायची मी आणि झोपायचा तो असं आम्ही वाटून घेतलं. तपासनीस आला, बर्थवर शालीखाली कोण झोपलं आहे म्हणाला. मी शालीचं टोक वर केलं. त्याने तिकीट न बघता बूट काढून नमस्कार केला आणि पुढच्या डब्यात गेला. ते तिकीट मी अजून जपून ठेवलं आहे, त्याच्यावर खूणच पडलेली नाही.

हरतालिकेच्या सकाळी तेंदूटोल्याला उतरले. मला निर्जळी उपास होता हे ध्यानात ठेवा, पुढच्या प्रकारात त्याचाही थोडा भाग आहे. परतीची गाडी संध्याकाळी पाचची, दोघांची तिकिटं काढलेली, म्हणजे चतुर्थीच्या सकाळी शौनक रोह्याला पाटासमोर. मूर्ती त्याच्या खोलीवर टेबलावर ठेवून मी म्हटलं, इतकं भाडं भरून आले आहे तर गाव बघून घेते. गाव म्हणजे कोळशाची खाण होती तेव्हाचं गाव. सहा वर्षांपूर्वी खाण बंद झाली. सगळ्या घरांना एकच हिरवा रंग, कारण कंपनीने रंग एकच आणला होता. माणसांना खाली सोडायचं मोठं लोखंडी चाक आहे, त्यात आता बगळ्यांची घरटी. जिथून कोळसा काढला त्या खड्ड्याचं तळं झालं आहे, पाणी इतकं निळं की आपल्या धरमतरच्या खाडीला लाज वाटावी. काठावर "धोका, जवळ जाऊ नये" अशी पाटी आणि पाटीच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, बसायला बाक. मी पाटीच्या मागे उभं राहूनच पाहिलं. एक संग्रहालयही आहे. दहा रुपये तिकीट, ज्येष्ठांना सवलत नाही. आत काचेच्या पेटीत एक कोळशाचा दगड आणि खाली चिठ्ठी, "कोळसा". धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधून ह्याचेच डोंगर उतरतात ते आम्ही जाता-येता फुकट पाहतो, पण बाहेर आलेल्या माणसाने सगळं बघावं.

खाणीच्या तोंडाशी देवीची घुमटी आहे. खाली उतरण्याआधी माणसं तिथे हात लावून जात. दगड हातांनी इतका गुळगुळीत झाला आहे की नाक-डोळे उरले नाहीत. मीही हात लावला. वन्सं, तिथे मात्र काही वेळ मला हिशेब सुचला नाही.

आता शौनकची नोकरी, जी तुम्ही प्रतिक्षाला "बंद कारखान्यातली राखण" म्हणून सांगितलीत. खाणीत पाणी भरत राहतं, ते उपसलं नाही तर खालच्या अंगाच्या चाळीत शिरेल. ते पंप शौनक आणि गोविंदा नावाचा एक म्हातारा मिस्त्री असे दोघेच चालवतात. आणि दुसरं काम भोंग्याचं. पाळ्या नाहीत, कामगार नाहीत, तरी भोंगा दिवसातून तीन वेळा वाजतो, कारण राहिलेली सगळी माणसं निवृत्त आहेत आणि भोंग्यावर गोळ्या घेतात. आठला रक्तदाबाची, एकला जेवणाआधीची, सातला साखरेची. शौनक सांगतो, एकदा वीज नव्हती म्हणून भोंगा वाजला नाही, तर अर्ध्या गावाने दुपारपर्यंत आंघोळ केली नव्हती. मूर्ती त्याने ह्याच लोकांसाठी मागवली होती. पूर्वी मंडळाची वर्गणी पगारातून कापून जायची, पगार गेला तसा गणपती गेला. हजेरीच्या जुन्या खोलीत मूर्ती ठेवायची, पूजा गावाने करायची आणि आपण पाचच्या गाडीने घरी जायचं, असं त्याने मला तोंडाने सांगितलं. गोविंदाने सहा दिवस पंप बघायचं कबूलही केलं होतं. बॅग भरून दाराशी होती. वरती तुमच्यासाठी घेतलेली गुडघ्याची पट्टी होती (भाऊजींसाठी असणार, पण चिठ्ठीवर आई लिहिलं होतं).

इथून पुढे जे झालं ते मी झालं तसं लिहिते.

दुपारी तीनला शौनक भोंग्याच्या खोलीची किल्ली गोविंदाला द्यायला गेला. टेबलावर मुंग्यांची रांग लागली होती आणि मूर्तीशेजारी वाटेत घेतलेले पेढे होते. म्हणून मी स्टूल घेतलं, त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि मूर्ती त्यावर ठेवायला गेले, तर स्टुलाची फळी मधे खोलगट, मूर्ती डुगडुगायला लागली. कागदाची घडी घालावी तर तो दमट हवेत दबतो. समोर तांदळाची पिशवी होती. मूठभर तांदूळ पसरला, वर मूर्ती ठेवली, जागच्या जागी बसली. पेढे मुंग्यांपासून वाचावेत म्हणून मूर्तीपुढेच स्टुलावर ठेवले. तेवढ्यात ढग आले, वीज गेली, खोलीत काळोख. म्हणून निरांजन लावलं. निरांजन लावल्यावर हात आपोआप जोडले जातात, ते जोडले. सवयीने थोडं म्हटलंही. त्याच वेळी मागून दार उघडलं, वारा आला आणि मूर्तीच्या तोंडावरचं फडकं उडून माझ्या खांद्यावर पडलं.

दारात शेजारच्या कृष्णाबाई होत्या. नवरा बावीस वर्षं खाली उतरायचा, आता नाही. त्यांनी तांदूळ पाहिला, पेढे पाहिले, दिवा पाहिला, देवाचं तोंड पाहिलं आणि चप्पल बाहेर काढली.

"बसले ना जी गणपती," म्हणाल्या. "सहा वर्सांनी बसले."

मी त्यांना समजावून सांगितलं की तांदूळ डुगडुगण्यासाठी, पेढे मुंग्यांसाठी आणि दिवा विजेसाठी. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी मुख्य मुद्दा काढला, की आज चतुर्थीच नाही, तृतीया आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "पाहुणा एक दिवस आधी आला म्हणून त्याले फाटकावर उभा ठेवते का कोणी?" ह्याला उत्तर पंचांगात सापडलं नाही. मी पाहिलं.

अर्ध्या तासात तीस-चाळीस माणसं जमली. काठ्या टेकत, एक जण प्राणवायूच्या नळीसकट. कोणी टाळ आणले, कोणी खाणीतल्या टोपीवरचा दिवा आणला आणि त्याचा झोत देवावर सोडला, वीज आली तरी बंद केला नाही. शौनक परत आला तेव्हा त्याला त्याच्याच खोलीत शिरायला जागा नव्हती. त्याने स्टूल पाहिलं, मला पाहिलं. मग बराच वेळ म्हाताऱ्यांकडे पाहत होता. साडेचारला बॅग दारातून उचलून त्याने आत पलंगाखाली सारली. मला एवढंच विचारलं, "मामी, आईला काय सांगायचं?"

मॅट्रिकला पाठांतरात पहिली आलेली बाई मी, मला एक वाक्य आठवलं नाही. तेव्हा त्याने बाहेर जाऊन तुम्हाला फोन केला आणि "मी इथे गणपती बसवला आहे, येत नाही" म्हणाला. वन्सं, हे वाक्य खोटं आहे. बसवला मी. त्याने माझं नाव घेतलं नाही, कारण मी त्याची मामी आणि तुमची भावजय आहे, आणि तुम्ही पापड परत कराल हे त्याला माहीत होतं.

पुढचं थोडक्यात. चतुर्थीला त्याने सोवळं नेसून पूजा केली, संकल्पात गोत्र बरोबर म्हटलं (हे ह्यांच्याशी तुलना म्हणून लिहीत नाही). तुमच्यासारखाच पाच दिवसांचा ठेवला. तळ्यात विसर्जन करायला मनाई, म्हणून कोळशाची जुनी लोखंडी गाडी घासून घेतली, तिच्यात त्याच्या पंपाचं पाणी भरलं आणि तिथेच देव पोचवला. त्या वेळी त्याने भोंगा वाजवला. संध्याकाळचे पाचच वाजले होते. गावातल्या सगळ्यांनी सातच्या गोळ्या पाचला घेतल्या. कोणाला काही झालं नाही, पण मी थोडी साखर पाण्यात घालून तयार ठेवली होती.

पितृपक्ष चालू आहे, शुभकार्य करू नये. रागावलेल्याने बोलू नये असं मात्र कुठे लिहिलेलं आढळलं नाही. भाऊजींना नमस्कार. लेखनसीमा.

आपली,
वृंदा

ता. क. १) तुम्ही शास्त्राच्या आहात म्हणून विचारते. देव ज्या तांदळावर बसतो त्या तांदळाच्या घरचा. तो तांदूळ तुमच्या पिशवीतला, तुमच्या शेतातला, रोह्याचा. मग तेंदूटोल्याला बसला तो वेगळा कसा झाला? तो रोह्याचाच गणपती, फक्त लांब बसला. मी आमच्या भटजींना विचारलं. ते म्हणाले असं कधी कोणी विचारलं नव्हतं, म्हणजे चूक आहे असं ते म्हणाले नाहीत.

ता. क. २) उरलेला तांदूळ मी रांधायला काढला तर शौनकने हातातून घेतला. डब्यात घालून ठेवला आहे. डब्यावर चिठ्ठी लावली आहे, तिच्यावर नुसतं "घर" लिहिलं आहे.

ता. क. ३) पुढच्या वर्षी मूर्ती हजेरीच्या खोलीत बसेल, म्हणजे शौनक मोकळा. तसं मी गावात कबूल करून आले आहे. काळुरामला दोन फुटांची सांगून बयाणा दिला आहे. तो तुमच्या नावावर दिला आहे. तांदूळ तेव्हाही तुमचाच लागेल, तर एक पायली बाजूला ठेवा.

ता. क. ४) पापड परत पाठवते आहे, ह्या वेळी भाडं कान्हूला आधीच दिलं आहे. पाकिटात एक पोस्टकार्ड आहे. त्यावर मजकूर मी लिहूनच ठेवला आहे, "तांदूळ आपलाच. दिवाळीला ये." खाली फक्त सही करा. हात दुखत असतील तर "आई" एवढी दोनच अक्षरं पुरेत. पत्ता माझा घातलेला नाही, शौनकचा घातला आहे. तेवढं उलट टपाली टाका.