मलिद्याची शेड आणि हेप्झिबाचा पाटा

पनवेल,
१२ नोव्हेंबर २०११

चि. नोम यास,

सॅमकाकाचा शालोम व पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, माझा गुडघा सोडून. पण त्याला कोण विचारतो. तिकडे इस्राएलात थंडी पडली असेल, कानाला बांधत जा.

लग्नाआधीचा तुझा मलिदा, म्हणजे ते गूळपोह्यांचं ताट आणि प्रार्थना, आमच्या गच्चीवर नको, हॉल घेऊ, असं तू फोनवर म्हणालास. शेड पक्की नाही हे तुला कोणी कळवलं ते मला ठाऊक आहे (इलाना, माझीच नात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला). तुझ्या बाबांचा मलिदा याच गच्चीवर झाला, भर उन्हात. तुझ्या वेळी डोक्यावर छप्पर असावं म्हणून तर शेड बांधली. तेव्हा खरी हकीकत वाच, म्हणजे खात्री पटेल.

दिनानाथ फॅब्रिकेटरने छपराच्या त्रिकोणी कैचीला खालून एक लांब लोखंडी अँगल लावला. तो दोन्ही टोकं ओढून धरतो, म्हणून कैची फाकत नाही. (न्हावा शेव्याचा कंटेनर रस्त्याने गेला की अँगल थरथरायचा, त्याच्याबरोबर मीही.) इलाना म्हणाली, लांबीच्या मानाने हा फार बारीक आहे, लांबीला जाडीने भागायचा काहीसा हिशेब असतो, तो साडेतीनशेच्या आत हवा, आपला पाचशेच्या वर गेलाय. पण नुसत्या ओढण्याने तो वाकत नाही, असंही तीच म्हणते! मग मर्यादा कशाला? तर म्हणे असा अँगल स्वतःच्याच वजनाने झोळतो, आणि वादळात वारा पत्रे खालून उचलतो तेव्हा ओढणाराच दाबला जातो. मग मात्र वाकतो.

आता माझं शिक्षण सातवी. मला एवढंच कळलं, की याला ओढलेलं सोसतं, दाबलेलं नाही. म्हणून तो कायम ओढलेला राहावा या हेतूने मी त्याच्या मधोमध तुझ्या हेप्झिबाकाकूचा पाटा टांगला. अँगलचं धनुष्य झालं. दिनानाथने विचारलं, "काका, पाळणा बांधलात काय?" इलाना ओरडली, "आजोबा, लांबीच्या दिशेने ओढायचं, खाली नाही!" तेवढ्यात दोरी तुटली. (पाट्याला काही झालं नाही.)

दिनानाथने कुरकुरत आता दोन जाड अँगल पाठीला पाठ लावून बसवलेत. इलानाने मोजले, साडेतीनशेच्या आत. कंटेनर गेला की हल्ली मी एकटाच थरथरतो. तेव्हा हॉलचं डोक्यातून काढ.

तुझा काका,
सॅम

ता. क. पाटा पडला तो तू पाठवलेल्या घडीच्या खुर्चीवर. खुर्ची शेजारच्या दमयंतीबाईंनी नेलीय असं मी काकूला सांगितलंय. येताना तशीच आण. निळीच.

पुन्हा ता. क. हॉल घेणारच असशील तर आधी पत्ता कळव. इलानाला नेऊन छप्पर पाहून येतो. पाटा घरीच ठेवीन.