दोऱ्याची चाबी

माय,

आज सकाळी दाढ काढून आले. तोंडात कापूस आहे, गाल सुजलाय, डॉक्टरनं बोलू नका म्हणून सांगितलंय. तसंही बोलणार कुणाशी? घरात आम्ही दोघंच. हे आत पलंगावर पडलेत. जागे आहेत की झोपलेत ते बघायला मी गेले नाही, जावंसंच वाटेना. मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसले अन् तुला लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं हे काय मला ठाऊक नाही? मामाची पिशोरहून पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचे, अन् वाईट बातमी असली की तेवढी ओळ गाळायचे. तरी तुला माझ्या तोंडावरून कळायचं. हे पत्र तुला कुणी वाचून दाखवणार नाही, म्हणून यात काही गाळायची गरज नाही.

गोष्ट चाब्यांची आहे. छावणीतल्या आपल्या घरात दोन खोल्या होत्या, पण कुलपं ही इतकी. बाबांना सगळं एकसारखं लागायचं, म्हणून त्यांनी बाजारातून एकाच माणसाकडून सगळी कुलपं आणली. दाराचं, कोठीचं, ट्रंकेचं, न्हाणीमागच्या लाकडांच्या खोलीचं. चाब्या अशा, की एक ठेवावी अन् दुसरी उचलावी. तू कोठीपुढं उभी राहून एकेक चाबी घालून बघायचीस अन् बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "एका पोटची हायेत का काय मेली सगळी!" मग मी शहाणपण केलं. मैत्रिणीच्या नखं रंगवायच्या बाटल्या आणल्या अन् चाब्यांच्या डोक्यांना रंग दिले. एकीला लाल, एकीला गुलाबी, एकीला जांभळट. लई खूश होते मी. तू हातात घेतल्या, उजेडाला धरल्या, अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. "अगं सटवे, मला तर सगळ्या लालच दिसतात! अन् दिवे गेल्यावर? तवा काय तुझं नख बघू?" तेव्हा तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता अन् तू कुणाला सांगितलं नव्हतं. मला तो धपाटाच लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू ओट्याशी बसलीस. मला अजून दिसतेस. पदर खोचलेला, पुढ्यात डिंकाची वाटी, जाड दोरा, बाबांच्या शर्टाचं तुटकं बटण, सायकलच्या ट्यूबचा तुकडा अन् कुठून तरी मागून आणलेली एक छोटी कानस. दाराच्या चाबीला तू दोरा गच्च गुंडाळतेस, वर डिंक लावतेस. ट्रंकेच्या चाबीला कानशीनं काठावर खाच पाडतेस, दातओठ खाऊन, जसं काय त्या चाबीनंच तुझं काही बिघडवलंय. कोठीच्या चाबीला बटण बांधतेस. लाकडांच्या खोलीच्या चाबीला रबराचं कडं घालतेस. मग सगळ्या पदराखाली घेतेस अन् मला म्हणतेस, "इचार कोणती पण." मी म्हणते कोठी, तू न बघता बटणाची बाहेर काढतेस. मी म्हणते दार, दोऱ्याची. "डोळ्याच्या भरवशावर नाय राहायचं," तू म्हणालीस, "बोटाला सांगून ठेवायचं." माझ्या लग्नात लोकांनी काय काय दिलं, अन् तू साड्यांच्या खाली गुपचूप ती कानस ठेवलीस. सासूबाईंनी ट्रंक उघडली तेव्हा ती आधी त्यांच्याच हाताला लागली. "सुतारीण केलीय का सून?" म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता आम्ही चिकलठाण्याकडं राहतो, यांच्या कंपनीच्या अलीकडंच. तू गेलीस तेव्हा इथं शेतं होती. आता सारख्याच बिल्डिंगी उभ्या आहेत, सारखाच रंग, सारखे जिने, वरून विमान गेलं की सगळ्यांची भांडी एकदमच वाजतात. बिल्डरनं घरभर एकाच जातीची कुलपं बसवली. पुढचं दार, दोन खोल्या, गॅलरी. पुढचं दार ओढलं की आपोआप लागतं अन् आतूनही चाबीनंच उघडतं. हे रिटायर झाले अन् वर्षा-दोन वर्षांत दारापुढं उभं राहून एकेक चाबी लावून बघायला लागले. जन्मभर मशीनवर काम केलेला माणूस, केसभर फरक बोटानं सांगायचा. मी काय केलं असेल? भांडले. दुसरं काय येतं मला! "डोळे कुठं ठेवलेत? चार चाब्या ओळखता येईनात?" मी म्हणायचे. ते पुन्हा पहिल्या चाबीपासून सुरू करायचे.

मग डॉक्टरनं त्या विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. मी घरी येऊन तुझी कानस शोधली. पुढच्या दाराच्या चाबीला दोरा, गॅलरीच्या चाबीला खाच, आमच्या खोलीच्या चाबीला बटण, दुसऱ्या खोलीच्या चाबीला रबर. सगळं तुझंच. रोज सकाळी चहा झाला की आम्ही बसायचो. ते डोळे मिटायचे, मी एक चाबी हातात द्यायचे. "दोरा. पुढचं दार." "खाच. गॅलरी." एकदाही चुकायचे नाहीत गं! मी मुलाला पुण्याला फोन करून सांगितलं, डॉक्टरांना काय कळतंय, तुझे बाबा बरे होताहेत म्हणून. शिरा केला त्या दिवशी. देवापुढं साखर ठेवली. किती येडी असते बाई, माय.

अन् मग पलीकडच्या बिल्डिंगमधल्या भाभीचा फोन आला. "आंटी, अंकल हमारे दरवाजे पे खडे हैं, कब से चाबी लगा रहे. आप आओ जरा." मी धावत गेले. तोच मजला, तसंच दार. हे दोऱ्याची चाबी बरोबर हातात धरून दुसऱ्याच्या दाराला लावताहेत. घामानं शर्ट भिजलेला. भाभीनं खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, पण ते बसले नव्हते. मला बघून म्हणाले, "अगं, दोऱ्याचीच लावतोय. बघ की. दोऱ्याचीच आहे ना?" मी म्हटलं, व्हय, दोऱ्याचीच आहे. चाबी बरोबर होती, माय. घर चुकलं होतं. चाब्यांच्या खुणा तू शिकवल्यास, घराला काय बांधू ते काही सांगून गेली नाहीस. तिथून येताना त्यांनी माझा हात धरला, भर उजेडात, लोकांदेखत, जे कधी केलं नव्हतं. म्हणाले, "मला कळतंय काय होतंय ते. तू मला कोंडू नको. काय वाट्टेल ते कर, पण कोंडू नको. चाबी माझ्याजवळ राहू दे." मी म्हटलं, तुमच्या गळ्याची शपथ, नाही कोंडणार.

मग मी दार रंगवलं. निळं, एकदम भडक, अख्ख्या मजल्यावर वेगळं दिसेल असं. सोसायटीवाले बोलले, त्यांना काय बोलायचं ते बोलू दिलं. रंग वाळल्यावर यांना बाहेर नेलं अन् म्हटलं, हे बघा, निळं दार म्हणजे आपलं घर. ते लांबून बघत राहिले. म्हणाले, "छान रंगवलंय. कोणाचं आहे?" मी तिथंच जिन्यात बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की याला काही खूण पुरणार नाही. दाराचं झालं, उद्या माझंही होईल. तशी वेळ यायला फार दिवस लागलेही नाहीत. कधी मला ताई म्हणतात, कधी नुसतं "अहो बाई". त्याचं मी रडणं बंद केलंय. डाळ शिजवायची असते, नळाला पाणी आलेलं असतं, रडायला बसलं तर टाकी रिकामी राहते.

मागच्या महिन्यात ते दुपारी सरळ जालना रोडला गेले. माझा डोळा लागला होता. कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले, आज पाळी आहे म्हणाले. वॉचमन बिचारा चांगला, रस्ता ओलांडून घरी घेऊन आला. म्हणाला, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. मुलानं फोनवर सांगितलं, "आई, बाहेरून कडी घाल अन् कुलूप लाव. सगळेच लावतात." नाहीतर पुण्यात एक जागा आहे म्हणतो, तिथं अशी माणसं ठेवतात. तिथं तरी काय करतात? कुलूपच लावतात. मी त्याला वाट्टेल ते बोलले. बापाला कोंडायला निघालास का म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी जाऊन कुलूप घेऊन आले, माय. दाराबाहेर कडी होतीच. कुलूप पिठाच्या डब्यामागं लपवून ठेवलं. त्याच्या चाबीला काही बांधलं नाही.

लावत नव्हते. खरंच नव्हते लावत. मला बाहेर जायचं असलं की भाभी येऊन बसायच्या. पण भाभी लग्नाला गावी गेल्या अन् माझी दाढ दुखायला लागली. गोळ्या खाऊन काढले काही दिवस. आज सकाळी असं वाटलं की भिंतीवर डोकं आपटावं. यांना सोबत न्यायचं तर मागच्या वेळी चालत्या रिक्षातून उतरायला निघाले होते. मग यांना खाऊ घातलं, टीव्ही लावून दिला. चाब्यांचा जुडगा त्यांच्या खिशातच राहू दिला. चाबी जवळ राहील असं म्हटलं होतं ना, तेवढं पाळलं. बघ कशी लबाडी! अन् बाहेर येऊन कडी सरकवली, कुलूप घातलं.

दोन पायऱ्या उतरले तर आतून आवाज. चाब्यांचा. ते दाराशी आले होते. मी थांबले. जुडगा खुळखुळला, थांबला, पुन्हा खुळखुळला, बोटं शोधत होती. मग कुलपात चाबी गेली अन् फिरली. टक्क. पहिल्या झटक्याला, माय! कित्येक महिन्यांत जमलं नव्हतं ते आज जमलं. आपलं दार, आपली चाबी, सगळं बरोबर. त्यांनी दार ओढलं. बाहेर कडी वाजली. पुन्हा ओढलं. मग त्यांचा आवाज आला, स्वतःशीच, "चुकली वाटतं." अन् ते एकेक चाबी लावायला लागले. खाचेची, बटणाची, रबराची. प्रत्येक वेळी म्हणत होते, "ही नाय. ही पण नाय." मी दोन पायऱ्या खाली उभी. कुलपाची चाबी माझ्या मुठीत. वर जाऊन उघडायला किती वेळ लागला असता? मी गेले नाही. दाढ ठणकत होती म्हणून नाही गेले असं म्हणू का? खाली रिक्षा उभी होती, तिच्यात बसले.

परत आले तेव्हा ते दाराशीच जमिनीवर बसले होते, जुडगा मांडीवर. माझ्याकडं वर बघितलं. आज मला ओळखलं त्यांनी, नावानं हाक मारली. म्हणाले, "अगं, दोऱ्याचीच लावली होती. उघडलं नाय. दोऱ्याचीच असते ना?" सांगायला काय लागलं असतं, माय? व्हय, तुमचं बरोबर होतं, मीच बाहेरून कोंडलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडात कापूस होता, तरी तेवढं बोलता आलं असतं. मी मान हलवली. म्हटलं, "नाय, तुमची चाबी चुकली." त्यांनी जुडगा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तूच ठेव मग. माझ्याच्यानं होत नाय आता."

अन् मी तो घेतला.