दादा चढ लागला की उतरतो

३ फेब्रुवारी

परत मेली! खिंडीच्या चढावर, तिसऱ्या वळणाला. पिवळा दिवा पेटला, टर्बोची शिट्टी बंद, इंजिनातला जोर गेला, आणि पंधरा टन सिमेंट घेऊन आम्ही मुंगीच्या चालीनं. मागे ही रांग! एक जण खिडकीतून ओरडून गेला — ढकलू का? ढकल ना लेका, उतर आणि ढकल!

वर सपाटीवर थांबलो, किल्ली बंद केली, परत फिरवली. दिवा गायब. जसं काही झालंच नाही. गाडी घेऊन अजून दोन महिने नाही झाले. विकणारा म्हणाला होता, "डोळे झाकून घ्या." डोळे झाकूनच घेतली, दुसरं काय!

दादा शेजारी बसून हसत होता. "नवीन घर आहे तिला, रुळायला वेळ लागेल." माझं डोकं तापलेलं आणि ह्याला विनोद सुचतात.

६ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे दिवस गेला. ह्या मिस्त्रीला सगळे काडीपैलवान म्हणतात, फुंकर मारली तर उडेल. पण हात चांगला आहे. गॅरेजमध्ये गाडी गरीब गायीसारखी उभी. रेस करून बघितली — शिट्टी झकास. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन तो शेजारी बसला, दादाला गॅरेजमध्येच ठेवलं, आणि माल भरलेली गाडी मी खिंड चढवून आणली. एकदाही दिवा नाही. एकदाही नाही!

"तुमची गाडी ठणठणीत आहे," म्हणाला. मग मी काय स्वप्नं बघतो? हवेचा एक पाइप बदलला, टर्बोचा सेन्सर पुसून बसवला. बघू.

११ फेब्रुवारी

तीन खेपा सुरळीत. पाइपच होता तर! दादा घरीच होता, डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख होती, मग ताप. एकट्यानं चालवायला कंटाळा येतो. ताडपत्री एकट्याला आवरत नाही, आणि बोलायला कुणी नाही.

१३ फेब्रुवारी

दादा आला. गाडी मेली.

डेपोवर पोचायला उशीर. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "असंच चाललं तर ही लाइन दुसऱ्याला देतो." ही लाइन गेली तर आम्ही दोघं काय करणार?

रात्री जेवताना बायको हळूच म्हणाली, "भाऊजी नव्हते तेव्हा बरी चालली होती ना?" मी ताट सरकवून उठलो. असलं काही परत बोलायचं नाही म्हणून बजावलं.

१४ फेब्रुवारी

लोडिंगला नंबर लागायचाय, म्हणून लिहीत बसलोय. दादा बाहेर हमालांना हसवतोय. एवढं मोठं धूड, पण हसतो लहान पोरासारखा, अख्खं पोट हलवून.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादानं शाळा सोडली आणि ट्रकवर चढला. मला वाढवलं, गिअर टाकायला शिकवलं, माझं लग्न लावलं. स्वतःचं मात्र राहूनच गेलं. मग स्वतःचा ट्रक घेतला आणि वर्षाच्या आत तो मालासकट नदीत गेला. दादा तेवढा वाचला. पुढे साखरेनं डोळे अधू झाले, लायसन्स गेलं. तेव्हापासून माझ्या शेजारी बसतो. रिव्हर्सला मागे उभा राहतो, दोर आवळतो, मला झोप लागू देत नाही. "घरी बसलो तर भिंतींशी बोलायला लागेन," म्हणतो. त्याला आता ही शेजारची जागा सोडली तर काही नाही. हे मला कळत नाही का?

१७ फेब्रुवारी

सेन्सर नवीन टाकला. दादासकट निघालो. तिसरं वळण, पिवळा दिवा.

हमालांचा मुकादम आपल्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, "राग मानू नकोस, पण पायगुण म्हणून काही असतं. त्याच्या गाडीचं काय झालं विसरलास?" मी त्याची कॉलर धरणार होतो. धरली नाही. कारण मनात तेच आलं होतं. शी!

दादा चार हातांच्या अंतरावर ताडपत्रीची घडी घालत होता. ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

१८ फेब्रुवारी

ऐकू गेलं होतं.

चढ सुरू होतो तिथं पुलाजवळ दादा म्हणाला, "थांबव. मी उतरतो." कशाला? "बघू तरी. माझंच वजन जास्त झालं म्हण हवं तर." मी हसलो. पंधरा टनांत तुझं काय वजन रे! पण तो दार उघडून खाली. "तू हो पुढे. मी पायवाटेनं येतो."

गाडी शिट्टी घालत चढली. एका दमात! मला इतका आनंद झाला की मी एकटाच ओरडलो. मग वर थांबलो आणि तो यायची वाट बघत बसलो. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, हात गुडघ्यांवर टेकत आला.

"गेली?"

"गेली."

"बरं झालं," म्हणाला आणि शेजारी चढून बसला. डेपोपर्यंत एक शब्द नाही. दादा आणि गप्प!

२० फेब्रुवारी

आज मीच म्हटलं, उतरू नकोस, बस. मेली गाडी. तिसऱ्या वळणालाही पोचलो नाही. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "उगाच हट्ट करतोस."

२४ फेब्रुवारी

आज मी ब्रेक मारायच्या आधीच त्यानं दार उघडलं होतं.

२८ फेब्रुवारी

काडीपैलवानाकडे परत गेलो. दादाचं सांगितलं नाही. कसं सांगणार? भाऊ बसला की टर्बो बंद पडतो? नुसतं म्हटलं, कधी होतं, कधी नाही. "जेव्हा होईल तेव्हा घेऊन या." अरे पण होतं तेव्हा मी डोंगरात असतो! पुन्हा त्याला शेजारी बसवून चढ दाखवला. दिवा लागला नाही तो नाहीच.

आता माझाही विश्वास बसलाय. लिहायला लाज वाटते, पण वहीपुढे कसली लाज. दादाचा पायगुणच वाईट आहे. ज्याला हात लावतो ते बुडतं. ज्यानं मला मोठं केलं त्याच्याबद्दल मी हे लिहितोय.

रिकामी परत येताना तो बसलेला चालतो. रिकामीला टर्बो असला काय, नसला काय. तेव्हा थोडं बोलतो.

२ मार्च

दोन खेपा वेळेवर. कॉन्ट्रॅक्टर खूश, पाठीवर थाप मारली. बायकोनं भाऊजींना चालायला नवे बूट आणले. दादानं ते उलटेसुलटे करून बघितले. म्हणाला, "वा! आता पायलट झालो." बायको आत जाऊन रडली. मला म्हणाली, "त्यांना घरी राहू दे ना." जसं काही मीच त्याला चालायला लावतोय!

५ मार्च

विचारलं. "दादा, घरीच राहतोस का काही दिवस?"

"का? उशीर होतो का माझ्यामुळे?"

"तसं नाही. दम लागतो तुला."

"मला कुठे दम लागतो! थोडा थांबून येतो, एवढंच." मग खिडकीबाहेर बघत — "तिकडे ताडपत्री कोण बांधणार तुझी?"

मी पुढे बोललो नाही. खरं तर बोलायला हवं होतं. पण मनात म्हटलं, बरंय, येतोय तर येऊ दे, ताडपत्री खरंच एकट्याला आवरत नाही.

८ मार्च

आज वर यायला फार वेळ लावला. ओठ निळसर वाटले. उन्हामुळे असेल. पाणी दिलं, अर्धी बाटली डोक्यावरच ओतली त्यानं. मी म्हटलं, उद्या लवकर पाय उचल, डेपोचं गेट बंद होतं. हो म्हणाला.

१३ मार्च

दादा गेला. चार दिवस पेन हातात धरवेना.

नेहमीसारखा पुलाजवळ उतरला. दार नीट लागलं नाही म्हणून परत आपटलं त्यानं. मी वर जाऊन थांबलो. टपरीवर दोन चहा सांगितले. माझा पिऊन झाला, त्याचा गार झाला. मला राग आला होता — हो, राग. दोनदा लांब हॉर्न दिला, लवकर ये म्हणून. त्याच्यासाठी मी हॉर्न वाजवला!

मग पायवाटेनं खाली उतरलो. कठड्याला पाठ लावून बसला होता. एक बूट काढून शेजारी ठेवलेला, टाच सोललेली. वाटलं बसलाय. म्हटलं, "चल ना आता, किती आराम करशील." दादा हलला नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तर तो कलंडला. मी टपरीकडे ओरडत पळालो.

टपरीवाला आणि दोन ड्रायव्हर आले. चौघांनाही उचलेना. डॉक्टर म्हणाले, हृदय. साखर, वजन, त्यात चढ. मग विचारलं, "एवढ्या उन्हात चढत कशाला होते?"

मी म्हटलं, सवय होती त्यांना.

२२ मार्च

गाडीवर परत गेलो. करणार काय! शेजारची जागा मोकळी. ताडपत्री बांधताना एका बाजूचा दोर आवळला की दुसऱ्या बाजूचा सुटतो. बायकोनं ते बूट कुठेतरी ठेवून दिलेत, मी विचारलं नाही.

गाडी मस्त पळते. चढावर शिट्टी ऐकली की खिडकीची काच वर करतो. मेली असती तरी चाललं असतं. रोज वाटतं, आज तरी मर. मरत नाही.

२६ मार्च

लोडिंगला मुकादम म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पण सुटलास बाबा." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. घरी येऊन बायकोला हे सांगितलं नाही.

दादा, मी मान हलवली.

३ एप्रिल

मुकादमाला डेपोवर काम होतं, म्हणाला सोड मला. दादाच्या जागेवर ऐसपैस बसला, मागे रेलून. तिसऱ्या वळणाला पिवळा दिवा. शिट्टी बंद.

त्याला खाली उतरवलं. सीट उपटून काढली. सेन्सरची वायर तिच्याखालून गेलेली, स्प्रिंगनं सोललेली. अंगानं भारी माणूस चढावर मागे रेलला की तांबं पत्र्याला टेकतं, की सेन्सर बंद, टर्बो बंद.

चिकटपट्टी गुंडाळली. मुकादमाला परत शेजारी बसवलं. गाडी शिट्टी घालत वरपर्यंत चढली.