पडदे बांधलेली जीप

मंगळ., १० डिसें. ७४

आज परत बा जीपमध्ये बसलेला होता. लसी टोचून परतताना, ओढ्याच्या उताराला. समोरच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यावर, धुवट धोतर. बा जाऊन सहा वर्षं झाली. जन्मभर ह्याच रस्त्यांवर खडी फोडली, मोटारीत एकदा बसला नाही, आणि आता साहेबासारखा बसून येऊन राहिला. म्हणलं, बा, थंडी हाय, पाय वर घे. नुसता हसला.

उतरले तर गुडघ्यात जीव नाही. डोकं ठणकतंय. पित्त असणार.

शुक्र., १३ डिसें.

जीपच्या मागच्या पडद्यांना नव्या दोऱ्या शिवल्या. आता ताडपत्री खाली सोडून आवळली की एक फट राहत नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागं माझी जुनी चादर टांगली, अडलेल्या बायांना आडोसा पाहिजे. गफूरभाई हसला. तो पुढं, त्याच्या बाजूला दारच नाही, सगळा वारा त्याच्या अंगावर. शेजारची सीट डॉ. साहेबांची. ते नसले तरी तिथं त्यांची छत्री बसते, नर्सबाई मागं. असू दे. मागंच बरं.

दोऱ्या बांधल्या की आत ऊब. ताडपत्रीतून पिवळा उजेड झिरपतो. खड्डेसुद्धा मऊ लागतात. पाळण्यात घातल्यासारखं वाटतं नि मग सगळं लांब जातं, दवाखाना, रजिस्टरं, माझं वय. आज बा नाही आला. नुसता विडीचा वास आला. गफूरभाई तर विडी ओढत नाही.

मंगळ., १७ डिसें.

बा बोलला!

आधी नुसता बसला होता. जीप चालते आहे असं वाटतच नव्हतं, ज्वारीतून वाहत निघालो होतो. कणसं पडद्याला घासत होती म्हणावं तर रस्ता शेतापासून केवढा लांब. मग वाकला, माझ्या टाचेकडं बघितलं (तिथली भेग त्याला कधी बघवायची नाही) आणि म्हणला, "शकू, तुला एक सांगायचं राह्यलं व्हतं." मी म्हणलं सांग की. तोंड उघडलं त्यानं. आणि गफूरभाई ओरडला, "बाई, केंद्र आ गया, उतरते क्या?"

असा राग आला त्या माणसाचा. त्याची काय चूक. पण आला.

तो गेला तेव्हा मी नर्सिंग शिकायला होते, तार उशिरा मिळाली. पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं. काय सांगायचं राहिलं असेल? दिवसभर तेच.

ओकारी झाली. रक्त कमी असेल. बायांना वाटते त्याच लोहाच्या गोळ्या स्वतः घेऊन राहिले. कडू जहर. बाया फेकून देतात ते बराबर करतात.

गुरु., १९ डिसें.

कळलं.

एका म्हातारीला हिंगोलीला नेलं, पाय मोडलेला. पडदे बंद. मला गुंगी आली, तिलाही. उतरवताना म्हातारी म्हणते, "माझी मावशी कुठं गेली? तुमच्याच बाजूला बसली व्हती की." मावशी मरून चाळीस वर्षं झाली म्हणे. मग दवाखान्याच्या पायरीवर तिलाही ओकारी, मलाही.

दोघींची मेलेली माणसं एकाच गाडीत कशी येतील? परत जीपपाशी गेले, पडद्यात तोंड घातलं. धूर. नवा नाही, मुरलेला, ताडपत्रीला, चादरीला. इतके दिवस नाक काय गहाण टाकलं होतं मी? ट्रेनिंगला शिकवलं होतं, बंद खोलीत शेगडी ठेवून निजू नये. शेगडी चाकांवर असली की ओळखू येत नाही काय.

म्हणजे बा येत नव्हता.

पायरीवर बसून रडले. म्हातारीला वाटलं तिच्या पायासाठी रडते. माझीच पाठ थोपटत बसली.

शुक्र., २० डिसें.

गफूरभाईला धुराचं सांगितलं. अर्धंच. तो म्हणला, "आवाज तो पंधरा दिन से फटफट आ रहा. सायलेन्सर का जॉइंट गया होगा. कनेरगाव नाक्यावर दशरथ मिस्त्रीला दाखवतो. आत्ता जाऊ?"

मी म्हणले, उद्या पुसेगावची बाळंतीण पोचवायची हाय, ते करू, मग जा.

हे इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही. बाळंतीण दोन दिवस थांबली असती. दवाखाना काही तिला हाकलत नव्हता. मला एकदा परत बसायचं होतं. एकदाच. त्याचं सांगून होऊ द्यायचं होतं. धुरातून येतो हे माहीत असून.

शनि., २१ डिसें.



सुमन, पहिलटकरीण, पाच दिवसांचा मुलगा. सोबत सासू कौसाबाई. मी म्हणले एक पडदा उघडा राहू देऊ. खरंच म्हणले. कौसाबाई म्हणली, "वल्ली बाळंतीण हाय, वारा लागला तर जलमभर कंबर धरून बसल. बांधा बाई, बांधा." आणि मी बांधले. वाद घालता आला असता. सासवांशी भांडण्यात मी काही कमी नाही, सगळं केंद्र सांगेल. पण एकदाच म्हणले नि लगेच दोऱ्या आवळल्या. घट्ट.

बा आला. तसाच बसला. सुमनचं लेकरू बघत होता. म्हणलं, बा, लवकर सांग. तो म्हणला, "शकू, त्याला आधी घे." मी म्हणलं कोणाला, तू सांग ना. मग त्याचं तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता, मी कान पुढं केला.

जीप खड्ड्यात आदळली नि माझं डोकं लोखंडी पट्टीवर बसलं. तेवढ्यानं जाग आली. सुमनची मान खांद्यावर. कौसाबाई तोंड उघडं टाकून घोरत. लेकराचा हात दुपट्याबाहेर लोंबत होता. हात लावला. ढिला.

चादर ओढून तोडली. गफूरभाईला हाक मारली ती त्याला हाक वाटलीच नाही, तो म्हणतो जनावर ओरडलं असं वाटलं. जीप थांबताच लेकरू घेऊन बांधावर पळाले. उघड्या वाऱ्यात धरलं, टाचेवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मागून कौसाबाई धडपडत आली, "वारं लागल, मेल माझं लेकरू, झाका त्याला." गफूरभाईनं तिला धरून ठेवलं. सुमन चाकाला टेकून ओकत होती.

रडलं. आधी मांजरासारखं, मग नीट.

किती वेळानं रडलं? घड्याळ मनगटावर होतं. बघितलं नाही.

उरलेला रस्ता सगळे पडदे वर. कौसाबाई लेकराला लुगड्यात घेऊन बसली, माझ्याकडं बघितलं नाही. घरी पोचल्यावर लेकरानं दूध ओढलं, थोडं. मी तासभर बसून राहिले. चहा दिला त्यांनी.

सोम., २३ डिसें.

कनेरगाव नाका. दशरथ मिस्त्रीचं काम ढाब्यामागच्या लिंबाखाली. शांत माणूस, एक शब्द बोलायला दहा मिनिटं घेतो. म्हणला, "बाई, मागं बसा, धूर कुठून निघतो तेवढं सांगा. पडदा उघडाच असू द्या." इंजिनच्या कार्बोरेटरमध्ये जुनं ऑइल सोडलं, गाडीनं पांढरा लोट काढला, मग त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर चिंधीचा बोळा दाबला.

आणि धूर माझ्या समोर उगवला. बाकाखालच्या पत्र्याला बोटभर भोक, तिथून. सावकाश, पांढरा, सरळ वर, बाकावर बसल्यासारखा. मी बघतच राहिले. मिस्त्री दोनदा हाक मारून राहिला, "दिसलं का बाई?" म्हणलं, दिसलं.

पाइप जॉइंटपासून सडलेला, पॅकिंग जळून खाक. नवा नांदेडहून मागवावा लागेल. तोवर जीप त्याच्याकडंच. डॉ. साहेब चिडले. चिडू देत.

शुक्र., २७ डिसें.

नवा पाइप बसला. मिस्त्रीनं भोकावर पत्रा मारला. जुना लिंबाखाली पडला होता, हातात घेतला तर पापुद्रे निघाले.

येताना गफूरभाई म्हणला, "अपने को क्या मालूम था बाई. अल्लाने बचाया." त्याला खरंच मालूम नव्हतं. डॉ. साहेबांना मी गाडीचं सगळं सांगितलं, लेकराचं सांगितलं, मागच्या शुक्रवारचं नाही. ते म्हणले, रडलं ना, दूध ओढलं ना, मग ठीक. लक्ष ठेवा.

सोम., ६ जाने. ७५

सगळीकडं पडदे वर करून फिरते. सासवा शिव्या घालतात. एकीनं तर जीपमध्ये बसायचंच नाकारलं, बैलगाडीनं नेली सून. मी उलट बोलत नाही आता. गफूरभाई म्हणतो, बाई, तब्येत बराबर हाय ना.

जीपमध्ये थंडी वाजते. ज्वारी ज्वारीच्या जागी उभी असते. समोर रिकामा बाक. डोकं दुखत नाही, भूक लागते, आणि मी मेल्यासारखी जागी असते.

बाचं काय राहिलं असेल ते असेल. त्याचा विचार कमी येतो. लेकराचा येतो. श्वास थांबला तेवढ्यात त्याच्या डोक्याला काही झालं का, त्याचा.

सोम., २० जाने.

पुसेगाव. वजन घ्यायचं निमित्त.

वजन चांगलं भरलं. सुमन तरतरीत. कौसाबाईनं माफ केलेलं दिसतंय, गूळ-शेंगदाणे दिले. म्हणली, "लई गुणी लेकरू. कुणाला तरास न्हाई. रडतच न्हाई बघा." शेजारणी पण कौतुक करून राहिल्या, आमची पोरं उभं घर डोक्यावर घेतात, हे बघा कसं निवांत.

ओसरीवर झोळीत निजलं होतं. त्या सगळ्या आत गेल्या तेव्हा वाटीवर चमचा वाजवला. मग जोरात. पापणी हलली. त्यानंच हलवली का वाऱ्याची झुळूक होती, कळलं नाही. परत वाजवला तेव्हा निजलेलंच. पाच आठवड्यांची पोरं निजतातही अशी, मी शंभर बघितलीत. शंभरांतलं एक आता आठवत नाही.

चमचा हातातच होता तेव्हा सुमन बाहेर आली. म्हणलं, पुढच्या सोमवारी परत येईन.

"काहून बाई? समदं बराबर हाय ना?"

म्हणलं, व्हय.