परदेशातली कुलदेवी

अण्णा, आपली कुलदेवी परदेशात राहायची, हे आता सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. पण तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि पनवेलहून तिच्या दर्शनाला जायचं तर सरहद्द ओलांडावी लागायची. तुम्ही निघालात ते माझ्यापायी. मला मुंबईला डॉक्टरकी शिकायची होती. आईचा ठाम नकार, आणि काका तर रोज संध्याकाळी दुकानात येऊन तुमचे कान भरायचे. मला तुम्ही हळूच ‘पाठवीन गं’ म्हणाला होतात, पण त्या दोघांना सांगितलंत की देवीचा कौल घेतो, ती म्हणेल तसं. होकार आला तर कॉलेज, नकार आला तर येत्या मोसमात लग्न. आपल्या घरात कौल कुणी कधी मोडला नव्हता. ओटीचं सामान बांधताना आईने देवीला काय साकडं घातलं असेल ते मला न सांगता कळत होतं, तरी मोटारीत खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खुशीत होते.

मोटार रोडपालीच्या तुमच्या एका मिठागरवाल्या गिऱ्हाइकाची, आणि ड्रायव्हरही त्याचाच, मिठागरातच लहानाचा मोठा झालेला. सरहद्द पार केली आणि रस्ता समुद्राला जो चिकटला तो सुटेचना. एका अंगाला माडांची राई, दुसऱ्या अंगाला निळंशार पाणी, मध्येच एखादं पांढरंशुभ्र चर्च. दर वळणावर तुम्ही ‘थांबव रे’ म्हणायचात आणि खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभे राहायचात, समुद्र विकत घ्यायला आल्यासारखे. अशाच एका थांब्यावर बॉनेटमधून वाफ निघायला लागली. गोडं पाणी जवळपास कुठेच नाही. तुम्ही समुद्राकडे बोट दाखवून म्हणालात, एवढं पाणी पडलंय की. ड्रायव्हरने कानाला हात लावले. “नाय अण्णा, खारं पानी नाय. मिठागरात लोखंडाची काय गत होते ती आमी रोज बघतो.” मग माडाखाली बसलेल्या बाईची झाडून सगळी शहाळी तुम्ही घेतलीत आणि एकेक फोडून रेडिएटरमध्ये ओतायला लावलीत. मोटारीला ताप आलाय का, असं त्या बाईने कोकणीत विचारलं, आणि हसताहसता मी रस्त्यातच खाली बसले. देवळाशी पोचेपर्यंत मोटारीला नारळाच्या वड्या भाजल्यासारखा वास येत होता.

देवळातलं मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. गाभाऱ्यात समयांचा उजेड आहे. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, तुमचा प्रश्न तिच्यापुढे मांडतो आणि बाजूला होतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आपण दोघं हात जोडून बसलोय, तुमचे ओठ हलतायत. माझी पाकळ्यांकडे बघायची हिंमत नाही, मी तुमच्या मानेवरचा घाम बघतेय. मग पुजारी म्हणतो, “डावा झाला.” इतक्या साध्या सुरात म्हणतो की मला रडूसुद्धा येत नाही. तुम्ही उठून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाता आणि शेजारणीशी बोलावं तसं तिच्याशी बोलता.

“आई, तुझं ऐकलं. पण पोरीला मी आधीच शब्द देऊन बसलोय. ती शिकणार. रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरीवर नको. आणि गाडीवरही नको, अजून परत जायचंय.”

पुजारी आ वासून बघत राहिला. उंबऱ्याला डोकं टेकवल्याशिवाय दुकानाचं कुलूप न काढणारा माणूस तुम्ही, तुम्हाला ते किती जड गेलं असेल हे मला तेव्हाही कळलं होतं.

परतताना आपल्या बाजूच्या नाक्यावर साहेबाने विचारलं, धंदा काय? गोव्यातून चोरून सोनं यायचं म्हणूनच तर तो नाका होता. दुसऱ्या कुणी ‘दुकानदार’ एवढंच सांगून वेळ मारून नेली असती. तुम्ही छाती काढून म्हणालात, सोनार, वाडवडलांपासून. झालं. सीटा उसवल्या, डबे उपडे केले, प्रसादाचा नारळही फोडला. एवढ्यावर भागलं असतं, पण साहेब माझी बांगडी नखाने खरवडायला लागला तसं तुम्हाला राहवेना. सोनं असं पारखतात होय, म्हणून तुम्ही खिशातून कसोटीचा दगडच काढलात. मग तपासणी पहिल्यापासून सुरू झाली. उन्हात उभ्या उभ्या तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणालात, “बघ, सुरुवात केली तिने.” आणि आपण दोघं असे हसलो की साहेबाचा संशय आणखी वाढला.

घरी आल्यावर तुम्ही आईला एवढंच सांगितलंत की देवीशी सविस्तर बोलणं झालंय, पोरगी जाते. आईने देवापुढे साखर ठेवली. मी डॉक्टर झाले, पनवेललाच दवाखाना काढला. अंगारेधुपारे करून मग माझ्याकडे येणाऱ्यांना मी अजूनही फैलावर घेते. तुम्ही चांगले ठणठणीत म्हातारे झालात आणि गेलात तेही झोपेत.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सांगते. तुम्हाला साधं पडसं झालं तरी मी दवाखाना टाकून तुमची नाडी बघायला यायचे, आणि तुम्ही चिडवायचात, डॉक्टरीणबाई, किती वेळ हात धरून बसता. नाडी मोजून केव्हाच झालेली असायची, अण्णा. उरलेला वेळ मी मनातल्या मनात देवीला म्हणत असायचे, आई, यांच्यावरचा राग आता सोड.