मॉर्मनांची हातगाडी आणि एक खुर्ची

तीर्थरूप आशाआत्यास, राजनचा दुबईहून शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या खेपेला ‘ठणठणीत’ म्हणालीस आणि शेजारच्या वैभवीने कळवलं की तू भिंतीला धरून चालतेस.) मी, शोभना आणि ओवी, आम्ही तिघं खुशाल. ‘त्या वाळूने माझी सगळी माणसं नेली, मी तिथे पाय ठेवणार नाही’ हे तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे आणि हे पत्र त्याबद्दल अजिबात नाही. हे पत्र एका हातगाडीबद्दल आहे.

रास अल खोरला आमच्या गोदामात माझ्या शेजारी मारिसेल बसते. फिलिपिन्सची, धर्माने मॉर्मन. म्हणजे येशूलाच मानणारी, पण त्यांचा पंथ अमेरिकेत निघाला आणि त्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. (आपल्या देवळातला मानपानाचा वाद याहून जुना असेल.) सुरुवातीला या लोकांना गावोगावहून हाकललं. तेव्हा ते बैलगाड्या जुंपून, पुढे तर हातगाड्या ओढत, वाटेत आपली माणसं पुरत, पार एका खारट तळ्याकाठी जाऊन राहिले. त्याची आठवण म्हणून दर जुलैत मुलं जुन्या पद्धतीच्या टोप्या घालून हातगाडी ओढतात. अमेरिकेत ठीक आहे. पण आता त्यांची निम्म्याहून जास्त माणसं अमेरिकेबाहेर राहतात, आणि गाडी मात्र सगळीकडे तीच. मी मारिसेलला विचारलं, बाई, तुझे आजोबा मासे धरत होते, त्यांचा या गाडीशी काय संबंध? ती म्हणाली, घरात ज्याने पहिल्यांदा विश्वास ठेवला तो आमचा वाट पाडणारा; आमच्या घरात ती माझी आजी, म्हणून गाडी तिचीसुद्धा. मला ते पटलं आणि नाहीही पटलं. साऱ्या जगाला घेणारा धर्म म्हणायचं आणि साऱ्या जगाने एकाच रस्त्याची आठवण काढायची, हे कसं काय? पण मी पडलो हिशेबनीस, गप्प बसलो.

गप्प बसलो म्हणूनच अडकलो. तिला मुलांच्या नाटुकल्यासाठी गाडी हवी होती, मी गोदामातली ट्रॉली देऊ केली. ती आमच्या व्हॅनमध्ये चढवताना अन्वर ड्रायव्हर म्हणाला, “भाई, ये गाडी सिर्फ बायें जाती है,” पण ‘यल्ला, यल्ला’ (म्हणजे चल, चल) करून मी त्याला उडवून लावलं. रात्रभर गाडी आमच्या इमारतीखाली होती. गाडी एवढ्या लांबच्या प्रवासाला निघणार, तिला तशीच कशी पाठवायची, म्हणून शोभनाने सकाळी उठून तिच्या फळीवर नारळ फोडला आणि कुंकवाने भलंमोठं स्वस्तिक काढलं!

त्यांची प्रार्थना एका व्हिलात होते. आम्ही ओवीसकट पाहुणे म्हणून गेलो. गाडीवरची चादर काढली आणि तिथल्या एका अमेरिकन गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. (युरोपात त्या खुणेचं काय करून ठेवलं ते तुला ठाऊक आहे. शोभनालाही ठाऊक आहे, पण कुंकू हातात घेतल्यावर कुणाला युरोप आठवतो?) मी रुमालाने पुसायला गेलो तर नारळाच्या पाण्याने ते आणखीच पसरलं. शेवटी मारिसेलने त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर आमच्या ओवीला बसवून दिलं. “डोंट मूव्ह,” एवढंच तिचं काम.

मुलांनी गाडी ओढली. गाडी नाटकातल्या खारट तळ्याकडे न जाता डावीकडे वळली आणि बटाट्याच्या सॅलडच्या टेबलाला टेकून खलास. मुलं बिचारी गाडी सोडून गाणं म्हणत पुढे निघून गेली. ओवी मागे बसून. लोक हसायला लागले, मी तिला उतरवायला धावलो.

तेवढ्यात घानाचे एक म्हातारे गृहस्थ उठले, मुलाकडे पाहुणे म्हणून आलेले. म्हणाले, त्या मुलीला बसू द्या, ती माझी आई आहे. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे यांचा ग्रंथ कुणाच्या तरी हाती लागला, लोकांनी वाचला, मानला आणि आपल्या आपणच प्रार्थना सुरू केली. अमेरिकेला कळवलं, आम्ही तुमचेच, कुणीतरी या. वर्षानुवर्षं कुणी आलं नाही, कारण काळ्या माणसाला पौरोहित्य द्यायचं नाही असा तेव्हा यांचा नियम होता. तो १९७८ साली उठला, मग माणसं आली. तोवर त्यांची आई दर रविवारी येणाऱ्यांसाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची. म्हणाले, आपण चालत गेलेल्यांची गोष्ट सांगतो. गाडी आमच्यापर्यंत पोचली त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे खुर्ची मांडलेली होती, तेही सांगत जा.

त्या अमेरिकन गृहस्थांनी जाऊन म्हाताऱ्यांचा हात धरला. मला वाटलं, हा धर्म जगभर गेला म्हणतात, पण काही ठिकाणी तो नुसता उशिरा पोचला. आणि अशा खुर्च्यांची गोष्टही ऐकून घेतली की त्यांचा इतिहास खरंच मोठा होतो.

परतताना ओवीने विचारलं, “बाबा, हू वेटेड फॉर अस?” शोभना म्हणाली, “देवरुखला आजीकडे जाऊन बघ.” खरंच आहे, आत्या. आधी तुझा दादा (माझे बाबा) बोटीने इकडे आला, मग तुझी वहिनी (माझी आई), मग तू दहावीपर्यंत वाढवलेला मी. आपल्या घराची गोष्ट आम्ही नेहमी दादाच्या बोटीपासून सुरू करतो. निरोप देऊन धक्क्यावरून परत फिरलेलं माणूस त्यात येतच नाही.

असो. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
राजन

ता. क. दसऱ्याला इथल्या ऊद मेथा भागात आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम आहे, ‘आखातातली मराठी घरं’. आपल्या घराची गोष्ट ओवी सांगणार आहे आणि तिला बोट नको, तू हवी आहेस, प्रत्यक्ष. तुझ्या व्हिसाचं काम सुरू केलंय.

ता. क. पासपोर्ट नाही ही सबब सांगू नकोस. तो तू केव्हाच काढून देव्हाऱ्यामागे ठेवलायस, हे वैभवीकडून कळलं. ‘पाय ठेवणार नाही’ म्हणणारं माणूस पासपोर्ट काढून ठेवतं, आणि आम्ही अक्कलवान एकदाही ‘ये’ म्हणालो नाही!

ता. क. ओवी म्हणते, आजीला काहीच करायचं नाहीये, नुसतं बसायचंय. मी तिला सांगितलंय, ती खूप बसली. आता विमानतळावर आपण बसायचं.